टोपेका सोडून फार्मव्हिल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा अमेरिकेतला ब्राऊन खटला शिकवायला घेतला की दरवर्षी वर्गातून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, खटला ब्राऊनचा, गाव कॅन्ससमधलं टोपेका. मग तुम्ही व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलपासून का सुरू करता?"

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हा एकट्या टोपेकाचं गाऱ्हाणं नव्हतंच. कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन अशा पाच ठिकाणचे खटले एकत्र ऐकले गेले. त्यातला फार्मव्हिलचा खटला उभा राहिला तो शाळकरी मुलांच्या संपातून.

तिथली कृष्णवर्णीय मुलांची मोटन हायस्कूलची इमारत १८० जणांसाठी बांधलेली, आणि शिकत होती साडेचारशेच्या आसपास. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी खोल्या ठोकल्या आणि त्यांना डांबरी कागद लावला. थंडीत स्टोव्हजवळची मुलं उकडून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडायची. छत गळायचं, त्यामुळे पावसाळी दिवशी वर्गात छत्र्या उघडायच्या.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना खोटा फोन करून शाळेबाहेर काढलं गेलं, त्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरल्या आणि सगळी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला तर समोर बार्बरा जॉन्स, वय वर्षं सोळा. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांपुढे संपाची हाक दिली. मुलं उठली ती दोन आठवडे वर्गात बसलीच नाहीत.

मुलांची मागणी साधी होती, चांगली इमारत द्या. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन हे वकील आले ते खरं तर 'मुलांनो, शाळेत परत जा' हे सांगायला. पण मुलांची जिद्द बघून त्यांनी खटला घ्यायचं कबूल केलं, एका अटीवर. इमारत मागायची नाही, वेगळी शाळा हीच बेकायदा आहे असं म्हणायचं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच १८९६ च्या प्लेसी निकालाने गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी 'वेगळं, पण समान' चालतं असं ठरवून टाकलं होतं. नवी इमारत मागणं म्हणजे तो निकाल मान्य करणं. वकील चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे विद्यार्थी थर्गुड मार्शल यांनी आधी विद्यापीठांतले खटले लढवून त्या तत्त्वाची एकेक वीट काढली होती. आता पायावरच घाव घालायचा होता, आणि त्यासाठी घाबरलेल्या आईबापांच्या सह्या लागणार होत्या. ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. मुख्याध्यापकांची नोकरी गेली. जिवाला धोका नको म्हणून बार्बराला अलाबामात काकांकडे पाठवलं.

खालच्या कोर्टात मुलं हरली. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. बहुतेक पुस्तकं इथे धडा संपवतात, आणि मला त्याचाच राग येतो. कारण पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीचा आदेश देताना मुदत घातली नाही. टाळणाऱ्यांना तेवढी फट पुरली.

१९५९ मध्ये शाळा एकत्र करायची वेळ आलीच, तेव्हा फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे तिच्या कारभाऱ्यांनी सरकारी शाळांना पैसाच द्यायचा नाही असं ठरवलं. सगळ्या शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, तिच्या फीला काही काळ सरकारी मदतही मिळाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना नातेवाइकांकडे परगावी धाडलं, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली. बरीचशी घरीच राहिली, शेतावर राबली. १९५९ मध्ये जी मुलगी पहिलीत जाणार होती ती शाळा उघडेपर्यंत अकरा वर्षांची झाली होती.

कुलूप निघायला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. तिथले पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने चाललेल्या खटल्यात मे १९६४ मध्ये निकाल लागला आणि सप्टेंबरात सरकारी शाळा भरल्या. शाळा बंद झाल्या तेव्हा जी पंधरा-सोळा वर्षांची होती त्यांना त्या निकालाचा काहीच उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली ती २००४ मध्ये. तोवर ही मुलं साठीला आली होती.