सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटी माशी लावून मासे पकडणं, करते म्हटलं की दुसऱ्याच वाक्याला हा प्रश्न येतो : मासा परत पाण्यातच सोडायचा, तर पकडायचा कशाला? त्यात खरं तर दोन प्रश्न असतात. एक, हा वेळ फुकट घालवणं नाही का? आणि दुसरा, विचारणारा जरा चाचरतच विचारतो, की नुसत्या हौसेपायी मुक्या जिवाला त्रास का द्यायचा? पहिल्याचं उत्तर माझ्यापाशी आहे. दुसऱ्याशी मी अजून झगडते आहे.

नेहमीच्या गळाला वजन असतं. आमिष आणि शिसं लांब फेकलं की दोरी त्यांच्यामागून ओढली जाते. इथे सगळं उलटं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ‘माशी’ इतकी हलकी असते की ती एकटी फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीत असतं. लवचीक काठीनं ती दोरी हवेत मागे न्यायची, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. ते क्षणभर थांबणं मला जमेना. दोरी मागे सरळ व्हायच्या आतच हात पुढे यायचा आणि सगळा गुंता पायाशी पडायचा. ही कला जुनी आहे. इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि त्यावर कोंबड्याची पिसं बांधतात. आजही टेबलाशी बसून आम्ही जवळपास तेच करतो.

पण ही माशी म्हणजे मासे खातात त्या किड्यांची नक्कल, आणि ती कुठली बांधायची, हे टेबलाशी कळत नाही. त्यासाठी पाण्यात उतरून दगड उलटे करावे लागतात, आणि माझं उत्तर त्या दगडांखाली आहे.

खळाळत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड घ्या. उलटा केला की आधी नुसता ओला दगड दिसतो. जरा धीर धरला की तो हलायला लागतो. चपट्या अंगाची, बहुधा तीन शेपट्यांची ती मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं. पोटाच्या दोन्ही कडांना त्यांचे कल्ले पापण्यांसारखे थरथरत असतात. दोन शेपट्यांची, दणकट पायांची ती स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेली ती बारीकशी नळी म्हणजे कॅडिसच्या अळीचं घर. यातली मेफ्लाय कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली काढते. मग एके दिवशी वर येते, कात टाकते, उडते, पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकते (असं करणारा दुसरा कीटक आज नाही) आणि काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत, अंडी घालून मरते. त्या दिवसांत ती काही खात नाही, कारण तिचं तोंड खाण्याच्या कामाचंच उरलेलं नसतं. मासे तिच्यासाठी वर येतात तेव्हा शांत पाण्यावर एकामागून एक वर्तुळं उमटतात. ते पाहिल्यावर वेळ फुकट गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

हे किडे, त्यातही स्टोनफ्लाय, फार नाजूक असतात. त्यांना थंड, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं आणि दगडांमधल्या फटी मोकळ्या लागतात. एका वर्षी मी नेहमी जाते त्या पट्ट्यात स्टोनफ्लाय मिळेचना. पाणी तर स्वच्छ दिसत होतं. वरच्या बाजूला चालत गेलो तेव्हा कळलं, एका काठावरची झाडं-झुडपं साफ केली होती आणि तिथली माती पावसानं वाहून दगडांच्या फटींत बसली होती. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? दर आठवड्याला दगड उलटे करणाऱ्या आम्हा चार जणांच्या.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीवर 1959 साली मासेमारांनीच ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढली (ट्राउट म्हणजे आम्ही पकडतो तो मासा). वाढवलेले मासे आणून नदीत ओतत राहण्यापेक्षा नदी सांभाळा, हा त्यांचा आग्रह होता. मला तो पूर्ण पटतो.

आमच्या लोकांच्या हातून नुकसानही झालंय, आणि ते लपवायचं मला कारण नाही. न्यूझीलंडमधल्या ट्राउट बाहेरून आणून सोडलेल्या; तिथल्या मूळच्या छोट्या माशांना त्यांचा मोठा फटका बसला. त्याच देशात 2004 साली डिडिमो हे शेवाळ सापडलं. ओल्या सामानाला चिकटून ते एका नदीतून दुसरीत जातं आणि तळावर जाड गोधडीसारखं पसरतं. बुटांचे नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे, तळवे लवकर वाळत नाहीत, म्हणून 2008 साली तिथे ते वापरायला बंदी घातली गेली. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी बूट धुऊन पूर्ण वाळवणं मी तेव्हापासून चुकवत नाही.

आता तो दुसरा प्रश्न. माशाला त्रास होतो. होत नाही असं मी म्हणणार नाही, आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायचा, म्हणजे गळ अलगद सुटतो. माशाला फार दमवायचं नाही. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. फोटोसाठी पाण्याबाहेर उचलायचं नाही. प्रवाहाकडे तोंड करून हलक्या हातानं धरायचं. कल्ले उघडमीट करायला लागतात, मग शेपटी तळव्यावर एकदा जोरात आपटते आणि हात रिकामा होतो.

आणि खिशात थर्मामीटर ठेवायचा. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशाला 9 च्या आसपास. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे. 20 अंशांच्या वर त्याला दमवणं म्हणजे मारण्यासारखंच. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी पोचले तेव्हा मासे वर येत होते, माशी बांधून तयार होती. पारा 21 वर थांबला. मी दोरी गुंडाळली, काठी काठावर आडवी ठेवली आणि अंधार पडेपर्यंत दगड उलटे करत बसले. तिसऱ्या दगडाखाली एक स्टोनफ्लाय होती.