जूनचा कागद, सप्टेंबरचा उजेड

"जेवण लवकर उरका, कानटोप्या घाला आणि सव्वाआठला वरच्या डेकवर या. लिन कॅनॉल चुकवायचा नाही." अलास्काच्या क्रूझवर, स्कॅग्वे बंदरात उतरतानाच मी सगळ्यांना बजावलं होतं. जहाज साडेआठला सुटणार होतं. पुढे लिन कॅनॉल, म्हणजे डोंगरांमधली लांब खाडी; तिच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, कड्यांवरून उतरणारे धबधबे, एल्ड्रेड रॉकचं अष्टकोनी दीपगृह, असं रसभरीत वर्णनही करून झालं होतं. जूनच्या ग्रुपबरोबर मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही रात्री दहा वाजता.

गणपती विसर्जनानंतर लगेच निघालेला हा 28 जणांचा ग्रुप. सगळे आले. वेळेवर आले, हे विशेष. आणि समोर नुसता काळोख. डोंगर कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, तेही कळेना. मागे स्कॅग्वेचे चार दिवे तेवढे लुकलुकत होते.

"ताई, धबधबे कुठल्या बाजूला?" एका काकूंनी अगदी सरळ मनाने विचारलं.

मला उत्तर सुचेना. ग्रुपमध्ये भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक होते. ते मफलर सारखा करत म्हणाले, "मॅडम, आज 21 सप्टेंबर. विषुवदिन आला. आज इथे आणि सोलापुरात दिवस सारखाच, बारा तासांचा."

जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं, असं म्हणायची सोय नव्हती; खाली पाणी होतं.

चूक माझीच. जूनमध्ये बनवलेला वेळापत्रकाचा कागद मी तारखा बदलून पुन्हा वापरला होता. 21 जूनला स्कॅग्वेत सूर्य साडेदहाच्या आसपास मावळतो आणि नंतरही रात्रभर पुरता अंधार असा होतच नाही. सप्टेंबरच्या या आठवड्यात तोच सूर्य सातलाच जातो, आणि दिवस रोज पाचेक मिनिटांनी आखडत असतो. आदल्या दोन्ही संध्याकाळी अंधार लवकर पडला होता, पण तो पावसाळी ढगांमुळे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. मी त्यात फक्त जेवणाच्या आणि शोच्या वेळा बघायचे!

त्या रात्री नवा कागद केला. दुसऱ्या दिवशीच्या ग्लेशियर बेची, म्हणजे हिमनद्यांच्या संरक्षित उपसागराची, चिंता नव्हती. तिथे दिवसाला फार तर दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज सकाळीच पोचतं. ही हिमनदी पश्चिमेच्या डोंगरांतून उतरते, तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट तिच्यावर. मला काळजी संध्याकाळची होती. आमची जेवणाची बैठक साडेपाचची. जूनमध्ये हे सोयीचं, कारण जेवून पाच तास उजेड उरतो. सप्टेंबरमध्ये मात्र दिवसाचा सगळ्यात देखणा तास आपण सूप पिण्यात घालवतो. रेस्टॉरंटच्या प्रमुखाला गाठून बैठक आठची करून घेतली. जैन जेवणाचे चार, बिनकांद्याचे दोन, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. ग्रुपला मात्र हा बदल भलताच आवडला. साडेपाचला जेवायची सवय होती कुणाला?

सकाळी सहाला कॉफी घ्यायला गेले, तर कालच्याच काकू डेकवर हजर! व्हँकुव्हर सोडल्यावर घड्याळं एक तास मागे घ्यायची होती. यांचा मोबाइल एअरप्लेन मोडवर, त्यामुळे त्यात अजून व्हँकुव्हरचेच सात वाजत होते. मी बोलावलेलं सातला. सूर्य उगवायला तासभर होता, पण पूर्वेला फटफटत होतं आणि डोंगरांच्या कडा एकेक करून सुटत होत्या. आम्ही दोघी काही न बोलता कॉफी पीत उभ्या राहिलो. काल उतरलेलं माझं तोंड बहुधा त्यांनी पाहिलं असावं. धबधब्यांचा विषय काढला नाही.

ग्लेशियर बेच्या तोंडाशी, बार्टलेट कोव्हपाशी छोट्या बोटीतून पार्कचे रेंजर चढले आणि मग ढग आले. दहाच्या सुमारास मार्जरीसमोर उभे होतो, सुमारे दीड किलोमीटर रुंद भिंत, आणि उन्हाचा पत्ता नाही. म्हटलं, आज नशीबच रुसलंय. पण बर्फ निळा दिसत होता. जूनच्या लख्ख उन्हात मी तो पांढराच पाहिला होता, डोळे दिपवणारा. सर म्हणाले, घट्ट दाबलेला बर्फ लाल प्रकाश शोषतो, निळा आत खेळत राहतो. ऊन डोक्यावर असलं की वरच्या चकाकीत तो झाकला जातो.

तेवढ्यात भिंतीचा एक तुकडा सुटला. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला. इथले मूळ रहिवासी, त्लिंगित लोक, त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. जहाज जागच्या जागी सावकाश वळलं, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या बाल्कन्यांनाही दिसावं.

संध्याकाळी सहाला सगळे पुन्हा डेकवर. ढगांच्या फटीतून तिरपं ऊन पाण्यावर पसरलं होतं. सरांनी माझा नवा कागद मागून घेतला, चष्मा वर करून वाचला आणि खिशातलं पेन काढून सूर्यास्ताच्या वेळेपुढे तारीख लिहिली.