मानेवरचे तेलकट केस

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या आमच्या पाळीव प्राण्यांच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये, म्हणजे त्यांची आंघोळ आणि केशकर्तन जिथे होते तिथे, गोचिडांच्या तक्रारी वाढतात आणि त्यांच्यासोबत परस्पर केलेल्या उपायांचे परिणामही दिसू लागतात. अशाच एका जुलैतल्या शनिवारी दुपारी एक तरुण आपला पर्शियन बोका घेऊन आला. बोक्याच्या पोटाखाली आणि काखेत केसांच्या घट्ट जटा झाल्या होत्या, म्हणून त्याला लायन कट, म्हणजे मानेभोवतीची आयाळ आणि शेपटीचा गोंडा ठेवून अंगावरचे केस अगदी बारीक कापणे, करून हवा होता. पिंजरा उघडताना तो म्हणाला, ''ताई, आज जरा जास्तच घाबरलाय. एरवी असा थरथरत नाही.''

घाबरलेले मांजर अंग आक्रसून घेते, कान मागे पाडते आणि संधी मिळताच टेबलावरून उडी मारते. या बोक्याचे कान मात्र थांबून थांबून आपोआप फडफडत होते, गालाचे स्नायू उडत होते आणि नुसते बोट लावले तरी पाठीची कातडी लहरत होती. मानेमागचे केस तेलकट होऊन एकमेकांना चिकटले होते व त्यांना औषधाचा उग्र वास येत होता. मी क्लिपर बाजूला ठेवला आणि विचारले, ''गोचिडांचं काही लावलंत का?'' सकाळीच लावले होते. घरात लॅब्राडोरही आहे. त्याच्यासाठी आणलेल्या नळीतले निम्मे औषध, ''मांजरालाही चालतं, फक्त अर्धं घाला,'' या दुकानदाराच्या सल्ल्यावरून बोक्याच्या मानेवर पडले होते. आईला फोन करून त्याने वेष्टनाचा फोटो मागवला. त्यावर घटक छापला होता : पर्मेथ्रिन.

कुत्र्याला सोसणारे हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतू शकते, कारण ते निकामी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली विकरे (एन्झाइम्स) मांजरात फार कमी काम करतात. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत पर्मेथ्रिनचे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर असते, त्यामुळे ''अर्धे घाला'' या सल्ल्याला काहीच आधार नाही. हे मला मूळ ग्रूमिंग कोर्समध्ये कोणी शिकवले नव्हते. तिथे आंघोळ, ब्लो-ड्राय, नखे, कान आणि जातीनुसार कट यांचा कसून सराव झाला; मांजरांच्या वाट्याला त्यात जेमतेम एक दुपार आली. विषबाधेची लक्षणे मी ओळखू शकले ती नंतर केलेल्या एका उजळणी वर्गामुळे. तो एका पशुवैद्यांनी घेतला होता आणि अशा बोक्याचा व्हिडिओ त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवला होता.

मी लगेच जवळच्या दवाखान्यात फोन केला. झटके येत आहेत का, तो शुद्धीवर आहे का, गिळता येते आहे का, हे डॉक्टरांनी आधी विचारले, कारण झटके येत असलेल्या मांजराला पाण्यात घालायचे नसते. झटके नाहीत हे कळल्यावर त्यांनी अंगावरचे औषध धुऊन मग निघायला सांगितले. पाणी कोमटच हवे होते : गरम पाण्याने त्वचेतला रक्तपुरवठा वाढून विष जास्त शोषले जाते आणि गार पाण्याने शरीराचे तापमान उतरून थरथर बळावते. एरवी मांजरासाठी आम्ही सौम्य शाम्पू वापरतो, पण तेलकट थर निघायला भांडी घासण्याचे द्रवरूप साबण लागते. माझ्या सहकारी मुलीने मान हलक्या हाताने धरली, मी दोनदा साबण लावून धुतले आणि ब्लोअर न लावता टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला पिंजऱ्यात ठेवले. औषधाचे नाव, लावल्याची वेळ आणि अंदाजे प्रमाण एका कागदावर लिहून त्या तरुणाच्या हातात दिले.

या विषावर उतारा असा नाही. स्नायू सैल करणारी औषधे आणि सलाईन देत शरीराने विष बाहेर टाकेपर्यंत प्राण्याला सांभाळावे लागते. बोका दोन रात्री दवाखान्यात होता आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी चालू लागला. हे श्रेय डॉक्टरांचे आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यांचेच काम आहे, आणि ग्रूमरच्या प्रशिक्षणात आपण कुठे थांबायचे हे शिकवणे मला कात्री धरायला शिकवण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे ग्रूमिंगचा व्यवसाय करायला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये सिटी अँड गिल्ड्सची तिसऱ्या पातळीची पदविका आहे, अमेरिकेत ग्रूमर संघटना लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन मास्टर ग्रूमर हा दर्जा देतात, पण तेही ऐच्छिकच. परीक्षा नाही म्हणून मला तितकीशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती एकदा मिळालेला कागद भिंतीवर लागला की शिकणे संपले असे मानण्याची. गोचिडांची नवी औषधे बाजारात येत राहतात, आणि लोक मांजरे पाळू लागले आहेत ती कुत्र्यांबरोबर एकाच घरात.

आमच्या पार्लरमध्ये आता प्रत्येक मुलगा-मुलगी दरवर्षी पावसाळ्याआधी पशुवैद्यांकडे प्रथमोपचाराची उजळणी करते, आणि त्या दिवसाचा पगार मी कापत नाही. नोंदणीच्या अर्जावर नाव आणि लसीकरणानंतरचा पहिला प्रश्न असा आहे : गेल्या तीन दिवसांत अंगाला काय लावले, आणि घरात दुसरा कोणता प्राणी आहे का? काही ग्राहकांना हा प्रश्न जाचक वाटतो. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही प्राणी टेबलावर घेत नाही.