बिल भरलं, असं मी म्हणाले

मंगळवार, रात्री साडेअकरा

आईने फोनवर नेहमीसारखं विचारलं, "टीव्हीचं बिल भरतेस ना गं?" मी म्हणाले, "हो, भरलं आजच." मग ती गुडघ्याबद्दल बोलली, दादाच्या मुलांच्या परीक्षेबद्दल बोलली, आणि आम्ही फोन ठेवला. याला तीन तास झाले. अजून झोप नाही.

खोटं बोलले नाही. दुपारी खरंच भरलं. फक्त ते शेवटचं बिल होतं, हे सांगितलं नाही. कनेक्शन बंद करायला सांगितलं, करार अर्ध्यात मोडल्याचे पैसे भरले, पावती आली. म्हणजे तिने जे शब्द विचारले त्यांना मी खरं उत्तर दिलं, आणि तिला जे विचारायचं होतं त्याला खोटं. तिला विचारायचं होतं, माझं घर आहे तसंच आहे ना. निदान मला तरी तसंच ऐकू आलं.

आई दादाकडे राहायला गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत हे मी दोनदा पुढे ढकललं. पहिले दोन महिने नुसते पैसे जात राहिले, बंद घरात टीव्हीचा सेट-टॉप डबा चालू, बघायला कुणी नाही. मग कळलं की जोडणी तात्पुरती थांबवता येते, एका वेळी तीन महिने, फार तर दोनदा. मी दोन्ही वेळा थांबवली. थांबवणं किती सोपं होतं! एक फोन, आणि काहीच ठरवायला लागलं नाही. आईला सांगायचीही गरज नव्हती, कारण बंद कुठे केलं होतं, थांबवलंच तर होतं. गेल्या आठवड्यात मेसेज आला की मुदत संपतेय, सेवा आपोआप सुरू होईल. तेव्हा बसून ठरवावं लागलं.

आणि मग कळलं की थांबवलेले महिने करारात धरतच नाहीत. चोवीस महिन्यांचा करार. रेकॉर्डिंगवाला नवा डबा सवलतीत मिळत होता म्हणून मीच सही केली होती. तेव्हा चोवीस महिने म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. आई टुणटुणीत होती. सतरा महिने झाले होते, सात उरले होते. सहा महिने थांबवल्यावरही सात ते सातच. मला वाटत होतं की दिवस मागे पडतायत, तेवढं ओझं कमी होतंय. तिथे एक दिवसही सरला नव्हता.

दुपारचा फोन चाळीस मिनिटं चालला. आधी एका मुलीने घेतला, मग तिने दुसऱ्या विभागाकडे दिला. जाणाऱ्याला थांबवणं हेच त्या विभागाचं काम. तिथला मुलगा अगदी नम्र होता. तीन महिने निम्म्या दरात देतो म्हणाला, आणखी वाहिन्या देतो म्हणाला. मग विचारलं, "बंद करण्याचं कारण काय लिहू मॅडम?" आणि त्याच्यासमोरची यादीच वाचून दाखवली. घर बदलताय, सेवा पसंत नाही, परवडत नाही, दुसऱ्या कंपनीकडे जाताय. मी म्हणाले, "बघणारं माणूस नाही आता तिथे." तो एकदम गप्प झाला. हळूच म्हणाला, "सॉरी मॅडम." तेव्हा लक्षात आलं की त्याने काय समजून घेतलं. मी घाईघाईने म्हणाले, "नाही नाही, तसं नाही, ती आहे, माझ्या भावाकडे आहे." त्याने 'इतर' लिहिलं.

ते 'सॉरी' मात्र कानातून जात नाही. एका अनोळखी मुलाने क्षणभर आईला नाहीशी केली, आणि ते माझ्याच वाक्यामुळे.

पैशांचं सांगायचं तर तिथे मी हटून बसले. एकूण आकडा नको, एकेक बाब वेगळी लिहून पाठवा म्हणाले. आली यादी मेलवर. उरलेल्या सात महिन्यांचा आकार, तोही पूर्ण नाही, कंपनीचा जो खर्च वाचतो तो वजा करून. खाली वेगळी ओळ, नोटिशीचे तीस दिवस. मी दोनदा वाचलं. नोटिशीचे तीस दिवस म्हणजे त्या सातांतलाच पहिला महिना. मग त्याचे पैसे दोनदा कसे? मुलाने मला थांबायला सांगितलं, पाच-सहा मिनिटं नुसतं संगीत वाजत राहिलं, मग परत येऊन म्हणाला, बरोबर आहे मॅडम, ती ओळ काढली. सुरुवातीला भरलेली अनामत शेवटच्या बिलातून वळती करून घ्यायलाही मलाच आठवण करून द्यावी लागली. डबा एकवीस दिवसांत परत गेला नाही तर त्याची किंमत वेगळी. रिमोट, अडॅप्टर, कार्ड, सगळं आत हवं. डब्याच्या पाठीवरचा क्रमांक मी फोटो काढून ठेवला, बंद केल्याचा संदर्भ क्रमांक लिहून घेतला. बँकेतली आपोआप वजावट आजच थांबवू नका, शेवटचं बिल वळतं झाल्यावर थांबवा, नाहीतर थकबाकी दिसते, हे मात्र त्याने स्वतःहून सांगितलं. भला मुलगा.

हे सगळं मी नीट केलं. एक पैसा जास्त जाऊ दिला नाही. आणि तरी फोन ठेवल्यावर रडले.

सगळं माझ्याच वाट्याला येतं. पाण्याचं मी, विजेचं मी, पेपर बंद करणं मी, दाराखाली साचलेली पत्रं उचलणं मी. घराची किल्ली माझ्याकडे आहे म्हणून. एकेक गोष्ट बंद करताना तिथे उभं राहावं लागतं, ते दुसऱ्या कुणाला राहावं लागत नाही. दादाला आकडा कळवला तर एका ओळीत उत्तर आलं, "निम्मे पाठवतो." निम्मे कशाचे ते मी विचारलं नाही. आई त्याच्याकडे आहे, रात्री दोनदा तोच उठतो, हेही मला माहीत आहे. जाऊ दे. त्याबद्दल आज नको.

आईच्या घरी गेले होते फोननंतर. डबा काढला. मागची केबल पिळून सोडवायची, तिच्या टोकाला तो बारीक तांब्याचा तार उघडा असतो, तो बोटाला टोचला. मग रिमोट. त्यावर मी सहा वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावून दिली होती, कारण आईचा अंगठा भलत्याच बटणावर पडायचा आणि पडद्यावर काहीतरी इंग्रजी यायचं. सगळी बटणं झाकून चारच उघडी ठेवली होती. चालू-बंद, पुढची वाहिनी, मागची वाहिनी, आवाज मोठा. आवाज कमी करायचं बटण नको म्हणाली होती. "मला कशाला लागतंय, एकटी तर असते." डबा बदलला तेव्हा नव्या रिमोटवरही तशीच लावून घेतली. आता पट्टी ओढली तर निघाली, पण डिंक राहिला. तेलाचं बोट लावून घासत बसले. झाकलेली बटणं कोरी करकरीत, आणि ती चार झिजून गुळगुळीत. आवाजाच्या बटणावरचं अधिकचं चिन्ह तर पुसूनच गेलंय.

टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, ते नेत नाहीत. फक्त डबा हवा असतो त्यांना. छत्री भिंतीवर तशीच राहणार.

ती छत्री फिरवायला एकदा मी गच्चीत आणि आई खिडकीत. वादळात हलली होती. एक-दोन अंश सरकली तरी चित्र जातं. मी पाना घेऊन केसभर फिरवायची आणि आई ओरडायची, "आलं! गेलं! अगं आलं होतं, मागे घे!" अर्धा तास. समोर दिसत काहीच नाही, नुसतं आकाश. तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतो म्हणून एका जागी उभा वाटतो, हे मी तिला नंतर सांगितलं. जमिनीवरून वर आणि परत खाली यायलाच लहरींना पाव सेकंद लागतो. आई म्हणाली, "इतक्या लांबून येतं, आणि इथे ढग आले की जातं?" खरंच जायचं. मोठा पाऊस यायच्या जरा आधीच चित्राचे चौकोन व्हायचे, मग पडदा निळा. आई वाळत घातलेले कपडे त्यावरून काढायची. ढगांवर तिचा तितका विश्वास नव्हता.

आणि ते ऊन. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. छत्री उपग्रहाकडे बघते आणि तिला सूर्यच दिसतो. रोज काही मिनिटं चित्र बिघडतं आणि आपोआप परत येतं. पहिल्यांदा मी तिला हे समजावलं तेव्हापासून ती फोनवर सांगायची, "आज टीव्हीवर ऊन आलं होतं." मार्चमध्ये मला तिच्या या वाक्याची सवय होती. या वर्षी ते आलं नाही. जोडणी थांबवलेलीच होती.

मघाशी उपग्रहांबद्दल वाचत बसले होते. स्थिर कक्षेत सोडलेला पहिला व्यावसायिक दळणवळण उपग्रह म्हणजे 'अर्ली बर्ड', ६ एप्रिल १९६५ ला सोडलेला. अठरा महिने चालेल असा अंदाज होता, चालला जवळपास चार वर्षं. जानेवारी १९६९ मध्ये तो बंद केला. मग जूनमध्ये, चांद्रमोहीम तोंडावर असताना अटलांटिकवरचा दुसरा उपग्रह बिघडला, तर यालाच पुन्हा जागा केला. ऑगस्टमध्ये परत बंद. १९९० मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त आणखी एकदा थोडा वेळ सुरू केला. अजून वरच आहे, शांत.

मला हे इतकं का आवडलं, ते मला कळतंय. बंद केलेलं पुन्हा सुरू होतं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. पण आई आता एकटी त्या घरात राहू शकणार नाही. डॉक्टर तसं म्हणाले, दादा तसं म्हणतो, मीही गेल्या आठ महिन्यांत तसंच म्हणत आलेय, फक्त तिच्यासमोर नाही. तिच्यासमोर मी बिल भरत आलेय.

उद्या सांगायला हवं. एक वाजला.

बुधवार, संध्याकाळ

सांगितलं.

सकाळपासून वाक्य जुळवत होते. शेवटी फोन लागल्यावर एकदम म्हणाले, "आई, मी आपल्या घरचा टीव्ही बंद करून टाकला काल. बिल भरलं म्हणाले ते शेवटचं होतं."

पलीकडे मागे कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबला. मग ती म्हणाली, "मुदतीआधी बंद केलंस म्हणजे पैसे घेतले असतील."

"घेतले."

"किती?"

मी सांगितला आकडा. नोटिशीचा महिना कसा काढून घेतला तेही सांगितलं. ती म्हणाली, "हे बरं केलंस." मग थोडं थांबून, "मी मागेच सांगणार होते तुला बंद कर म्हणून. रिकाम्या घराचं बिल जातंय हे मनाला लागतं गं. पण म्हटलं, तू एवढी भरतेयस, तर तुला ते चालू हवं असेल."

यावर मला काही बोलता आलं नाही. ती माझी समजूत काढायला म्हणाली की खरंच तिला तसं वाटत होतं, हे ठरवता येत नाहीये. ती माझ्या लहानपणीही असंच करायची. पण आवाज रडवेला नव्हता, एवढं नक्की.

"छत्री काढलीस?" तिने विचारलं.

"नाही, ती ते नेत नाहीत. मी काढू का?"

"काढलीस तर भोकं सिमेंटने बुजव. नाहीतर भिंतीत पाणी मुरेल. घाई नाही, पावसाच्या आधी कर."

मग मी तिला विचारलं, तिथे टीव्ही बघतेस की नाही. बघते म्हणाली, पण त्या रिमोटला खूप बटणं, चुकून काहीतरी दाबलं जातं आणि मग मुलांना हाक मारावी लागते. "तू लावून दे ना पट्टी, तशीच. इथे कुणी लावत नाही."

शनिवारी जाते म्हणाले. चिकटपट्टी आणि कात्री पर्समध्ये आत्ताच टाकून ठेवली. फोन ठेवण्याआधी विचारलं, "चारच उघडी ठेवू ना, पहिल्यासारखी?"

"पाच ठेव," आई म्हणाली. "आवाज कमी करायचंही लागतं इथे. रात्री मुलं अभ्यासाला बसतात."