राखेचा थर आणि उष्ण पर्वाचा आरंभ

बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळाच्या एका कोअरवर, म्हणजे समुद्रतळातून नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यावर, आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत काम चालू होते. सध्याच्या उष्ण पर्वाआधीचे उष्ण पर्व (दोन हिमयुगांमधला उबदार काळ) सुमारे 1 लाख 29 हजार वर्षांपूर्वी सुरू झाले असे मानले जाते. त्याचा आरंभ या कोअरमध्ये नेमका कोणत्या खोलीवर आहे आणि त्या खोलीचे वय किती, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. कार्बन-14 चे अर्धायुष्य 5,730 वर्षे असल्याने ती पद्धत जेमतेम 50 हजार वर्षांपर्यंत पोहोचते. म्हणून फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांतील ऑक्सिजन समस्थानिकांचा (पृथ्वीवर बर्फ किती होते हे मुख्यतः सांगणाऱ्या जड व हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा) आलेख काढून तो 2005 साली 57 ठिकाणच्या नोंदींवरून तयार झालेल्या प्रमाण आलेखाशी जुळवण्याची रीत आहे. आमच्याकडे संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने तसे केले होते आणि आलेख सुरेख जुळला होता.

माझे समाधान होत नव्हते ते याच सुरेखपणामुळे. प्रमाण आलेखाच्या तारखाच मुळात पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी, हिमस्तरांच्या प्रतिसादाला किती विलंब लागतो याचे गृहीतक धरून बसवलेल्या आहेत. शिवाय दोन आलेख जुळवताना बदल सगळीकडे एकाच वेळी झाला असे आपण धरतो. प्रत्यक्षात हिमयुगातून उष्ण पर्वाकडे जाणाऱ्या त्या संक्रमणात दक्षिण गोलार्ध आधी तापू लागला होता आणि उत्तर अटलांटिक बराच काळ थंडच राहिला होता. कुठे आधी आणि कुठे नंतर हेच शोधायचे असेल, तर ते उत्तर जुळवणीतच पुसले जाते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी विद्यार्थिनी उष्ण पर्वाच्या आरंभापेक्षा बऱ्याच वर असलेल्या थरातला, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेला गाळ तपासत होती. कवचांमध्ये मधूनच पारदर्शक, धारदार, किंचित वाकलेले तुकडे दिसत होते. काहींना तीन फाटे होते.

"मॅडम, हे क्वार्ट्झ वाटत नाही. जरा बघता का?"

"स्लाइड कर, पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली बघू."

दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात लावल्यावर शेजारचे क्वार्ट्झचे कण स्टेज फिरवताना उजळत आणि मावळत राहिले. हे तुकडे मात्र कितीही फिरवले तरी काळेच राहिले. ती ज्वालामुखीची काच होती. फुटलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या भिंती जिथे एकत्र येतात तिथे असे तीन फाट्यांचे तुकडे बनतात. सुमात्रामधील तोबाच्या महाउद्रेकाची राख भारतीय उपखंडावर आणि आसपासच्या समुद्रात पडली होती हे आम्हाला ठाऊक होतेच, पण नुसत्या आकारावरून उद्रेक ओळखता येत नाही. पुढे रासायनिक विश्लेषणात तुकडे तोबाच्या राखेशी जुळले, तेव्हा कोणत्याही आलेखावर न विसंबणारी सुमारे 74 हजार वर्षांची एक तारीख आमच्या हाती आली. माझ्या कामातला हा मोठाच आनंद होता.

तरीही राखेपासून खाली उष्ण पर्वाच्या आरंभापर्यंत सुमारे 55 हजार वर्षे उरत होती. हे अंतर गाळ साचण्याचा वेग कायम धरून मोजणे मला मान्य नव्हते. हिमयुगात समुद्राची पातळी उतरते, नद्यांची मुखे पुढे सरकतात आणि खोल पाण्यात पोहोचणारा गाळ वाढू शकतो. पाणी चढले की बराच गाळ किनाऱ्याजवळच अडतो. शिवाय तळाचे जीव गाळ ढवळत असल्याने काही सेंटिमीटरचा काळ आधीच एकमेकांत मिसळलेला असतो, आणि त्यात अचानक झालेला बदलही सावकाश झाल्यासारखा दिसतो.

चीनमधील गुहांच्या लवणस्तंभांवर युरेनियम-थोरियम पद्धतीने काढलेल्या तारखा सांगतात की त्या संक्रमणात मान्सून सुमारे 1 लाख 29 हजार वर्षांपूर्वी अचानक बळावला. आमच्या कोअरमधील नदीच्या गोड्या पाण्याची खूण त्या घटनेशी जोडता येईल, असे विद्यार्थिनीने सुचवले. सूचना चांगली होती, कारण इथे जोडणी मान्सूनची मान्सूनशी होते. हिमस्तरांचे गृहीतक मध्ये येत नाही. दोन्ही प्रदेशांत मान्सून एकदमच बळावला हे मात्र त्यातही धरावे लागते, आणि ते अहवालात स्पष्ट लिहायचे असे आम्ही ठरवले.

फोरामिनिफेराच्या त्याच कवचांतील मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या प्रमाणावरून काढलेले समुद्रपृष्ठाचे तापमान ऑक्सिजनचा आलेख वळण्याच्या आधीच चढू लागले होते. दोन्ही मोजमापे एकाच कवचांवरची असल्याने हा क्रम कोणत्याही वयावर अवलंबून नव्हता. आरंभ कशाचा, समुद्र तापण्याचा की बर्फ वितळण्याचा, यावर खोली बदलत होती. म्हणून अहवालात आम्ही दोन्हींसाठी वेगळी खोली आणि वेगळी वयोमर्यादा दिली, आणि त्या दोहोंच्या मधल्या गाळाचे आणखी नमुने कोअर जतन करणाऱ्या संस्थेकडे मागितले.