सत्तरीतला साउथडेल: मॉलच्या आजोबांकडे एक फेरी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसला पाहुणे आले की त्यांना मॉल ऑफ अमेरिका दाखवायची रीतच आहे. तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, ईडायना या उपनगरात, त्याचे आजोबा उभे आहेत. तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. साउथडेल सेंटर 8 ऑक्टोबर 1956 रोजी उघडलं, म्हणजे 8 ऑक्टोबर 2026 ला, गुरुवारी, त्याला 70 वर्षं होतात. विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनच्या व्हॅली फेअरचे चाहते पहिल्या बंदिस्त मॉलचा मान आपल्याकडे ओढतात, ते ओढोत. जगभर ज्याची नक्कल झाली तो साचा साउथडेलचा: बंदिस्त, वातानुकूलित, दोन मजली, दोन टोकांना दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आणि मधोमध छताखालचा चौक.

जायचं कसं? गाडी नसेल तर डाउनटाउनमधून मेट्रोची ई लाइन घ्यावी. डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेली ही जलद बससेवा हेनेपिन ॲव्हेन्यू आणि फ्रान्स ॲव्हेन्यूने येऊन साउथडेल ट्रान्झिट सेंटरलाच संपते, त्यामुळे उतरायचं ठिकाण चुकायची भीती नाही. भाडं 2 डॉलर, आणि तेच तिकीट अडीच तास चालतं. विमानतळावरून थेट यायचं असेल तर ब्लू लाइन ट्रेनने मॉल ऑफ अमेरिका गाठायचं आणि तिथून 515 नंबरची बस पकडायची.

बाहेरून बघाल तर निराशा ठरलेली. लांबलचक कोऱ्या भिंती आणि भोवती पार्किंगचं मैदान. ते मुद्दामच तसं आहे. आपल्याकडचा जुना वाडा जसा रस्त्याला पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतो, तसाच हा. साउथडेलचा आराखडा केला व्हिक्टर ग्रुएनने. हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद, 1938 मध्ये नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेत आलेला. त्याआधीची शॉपिंग सेंटर्स रस्त्याकडे शोकेस लावून बसायची. त्याने ती सगळी आत वळवली. कारण साधं होतं: मिनेसोटाचा हिवाळा. खरेदीला धड म्हणावं असं हवामान इथे वर्षातले 126 दिवसच मिळतं, असा डेटन्स या डिपार्टमेंट स्टोअर चालवणाऱ्या मालक कंपनीचा हिशेब होता. मग आतलं तापमान वर्षभर 75 अंश फॅरनहाइटच्या (साधारण 24 सेल्सियस) आसपास ठेवायचं ठरलं. त्याचा एक फायदा आजही दिसतो. चौकच उबदार असल्यामुळे प्रत्येक दुकानाला स्वतंत्र दार लावून थंडी अडवायची गरज उरली नाही, दर्शनी बाजू सताड उघडी ठेवता आली. आज कुठल्याही मॉलमध्ये आपण उंबरा न ओलांडता दुकानात शिरतो, ती सवय इथली.

हिवाळ्यात याल तेव्हा कपड्यांचे थर सहज काढता येतील असे घाला. बाहेर उणे वीस आणि आत चोवीस असलं की जाड कोटात दहा मिनिटांत घाम फुटतो.

पार्किंगकडे नीट लक्ष द्या, कारण खरी हुशारी तिथे आहे. दुमजली बाजाराचं जुनं दुखणं असं की गिऱ्हाईक वर चढत नाही आणि वरची दुकानं ओस पडतात. ग्रुएनने जमिनीला उतार देऊन काही पार्किंग वरच्या मजल्याच्या पातळीला आणि काही खालच्या पातळीला आणलं. कुठूनही या, जिन्याविना ज्या मजल्यावर पहिलं पाऊल पडतं तोच आपला ‘तळमजला’. शिवाय दुकानं दोन थरांत रचल्यामुळे चालायचं अंतरही कमी झालं. याचाच उलटा त्रास नवख्याला होतो: आत शिरताना आपण वरच्या मजल्यावर होतो की खालच्या, हे लक्षात राहत नाही, आणि परतताना गाडी भलत्याच पातळीवर शोधली जाते. दाराबाहेर एक फोटो काढून ठेवा.

आत गेल्यावर दुकानं सोडा, सरळ मधल्या चौकात, म्हणजे गार्डन कोर्टमध्ये या. सुरुवातीला इथे माशांचं तळं होतं, पक्ष्यांचा 21 फूट उंच पिंजरा होता, कॅफे होता. ते सगळं गेलं. राहिली ती हॅरी बर्टोयाची ‘गोल्डन ट्रीज’. तारांच्या जाळीची खुर्ची घडवणारा तोच हा बर्टोया. खालून बघितली तर ही धातूची झाडं नुसती उंच काठ्यांसारखी वाटतात आणि माणसं पुढे निघून जातात. वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहा. तिथे ‘पानं’ डोळ्यांच्या पातळीला येतात: सोनेरी झाक असलेले धातूचे छोटे पत्रे, थोडे थोडे वेगळ्या कोनात बसवलेले. चौकाला उजेड मिळतो तो छताजवळच्या उंच खिडक्यांतून, म्हणून ढगाळ दिवशी पत्रे मलूल दिसतात आणि उन्हात एकेक वेगळा चमकतो. स्वच्छ ऊन असलेली दुपार निवडा. मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते, पण ट्रायपॉड लावायचा तर व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्या. मॉल ही खासगी जागा आहे.

याच चौकाबद्दल नामवंत अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट 1956 मध्येच कुजकट बोलून गेला: गावातल्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत, मोहकपणा मात्र कुठेच नाही. मला हे अर्धंच पटतं. रस्ता म्हणून तो खोटाच आहे, पण बसायची जागा म्हणून अजूनही चांगला आहे.

दुकानांच्या पाट्यांचा इतिहास ज्याला आवडतो त्याच्यासाठी: डेटन्स 2001 मध्ये मार्शल फील्ड्स झालं आणि 2006 मध्ये मेसीज. डेटन्सची मूळ जागा पुढे लहान दुकानांत वाटली गेली, त्यामुळे ‘जुनं डेटन्स’ शोधत आजच्या मोठ्या स्टोअरमध्ये फिरू नका, ती नंतरची इमारत आहे. याच डेटन्सने 1962 मध्ये जवळच्या रोझव्हिलमध्ये टार्गेट या दुकानसाखळीचं पहिलं दुकान काढलं.

आता बाहेर पडून एक चक्कर मारा, नाहीतर हा मॉल तगला कसा ते कळणार नाही. ग्रुएनच्या इतर मॉल्सचं काय झालं? डेट्रॉइटजवळचं नॉर्थलँड 2015 मध्ये बंद पडलं, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा मिडटाउन प्लाझा पाडला गेला. साउथडेलने मात्र रिकामी झालेली मोठी दुकानं दुकानांनीच भरायचा हट्ट धरला नाही. जेसी पेनी 2017 मध्ये गेलं. त्या जागेवर लाइफ टाइमचा व्यायाम क्लब उभा राहिला. पार्किंगच्या कडेला राहायच्या इमारती आल्या, हॉटेल आलं. गंमत म्हणजे ग्रुएनच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असं सगळं होतं. तेव्हा नफा फक्त दुकानांत दिसला आणि बाकीचं बहुतेक कागदावरच राहिलं. याच रागापोटी म्हातारपणी त्याने मॉल या प्रकारालाच आपलं अपत्य मानायला नकार दिला आणि असल्या पोरांची पोटगी भरणार नाही असं सुनावलं. तो 1980 मध्ये वारला. घरं पार्किंगमध्ये यायला त्यानंतर तीसेक वर्षं लागली.

खरेदी करायचीच असेल तर कपड्यांची करा. मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही, पाटीवरची किंमत तीच बिलावर येते. बॅगा, दागिने, अत्तरं यांना ही सूट नाही.