ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा

दापोलीला कृषी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, त्या वर्षी मंडळाच्या स्नेहसंमेलनात नारळ देऊन माझा सत्कार झाला. अध्यक्षांनी माईकवर ‘शेतकी इंजिनिअर’ म्हणून पुकारलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणार?" देवळासमोरचा सगळा मांडव हसला. दापोलीचं विद्यापीठ १९७२ चं, आपलं मंडळ त्याहून जुनं, हे अध्यक्ष पुढे दर भाषणात सांगू लागले.

गोव्यात, पेडण्याला शापोरा नदीकाठी आमचं गाव. चारही वर्षं मी खेडला गाडी पकडून संमेलनाला पोचलो. आधी पातळभाजी-पाव, मध्यंतरात खाजे. इंजिनिअर म्हणून पडद्याची दोरी माझ्याकडे. दुसऱ्या वर्षी ऐन मरणाच्या प्रवेशात कप्पी अडकली. राजा पाच मिनिटं मरून पडला होता, मग डास चावले तसा उठून विंगेत गेला.

तिसऱ्या वर्षी मला भाषण करायला लावलं. मी मातीची धूप, समपातळी चर असं बरंच बोललो. खाली उतरलो तर मानशीची, म्हणजे नदीच्या बांधातल्या पाण्याच्या वाटेची, राखण करणारे तात्या वाट बघत उभे. "बरं बोललास पुता. आता सांग, भरतीला मानशीचं दार कोण लावतं?"

मला सांगता येईना. नाटक पहाटे संपलं, तसे तात्या मला बांधावर घेऊन गेले. भरती चढत होती. नदीचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा वर आलं आणि त्याच दाबाने लाकडी दार आपसूक चौकटीवर बसलं. ओहोटीला आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं. आमच्या खाजनातलं, म्हणजे बांधाआडच्या खारट शेतातलं, कोरगुट भात खारेपणा सोसतं खरं, पण रोजची भरती आत आली तर तेही टिकायचं नाही. अशाच झडपेची आकृती मी वहीत काढली होती, गुणही चांगले पडले होते. ती आमच्या मानशीची आहे हे काही ओळखलं नव्हतं!

पदवीच्या सत्काराला अध्यक्ष नवे होते. त्यांनी ‘शेतकी अधिकारी’ म्हणून पुकारलं. पहिल्या रांगेतून तात्या ओरडले, "अधिकारी नव्हे, मानशीवाला!"

मागच्या बाकावरचा तो मात्र या वेळी गप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पॉवर टिलर आमच्या अंगणात उभा.